कार्ड आहे, अंगठा आहे, तरी दहा किलो कमी: रेशनवरून नाव उडालं तर काय करायचं?

ओसरी

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचं केशरी कार्ड आहे आणि त्यावर 'प्राधान्य कुटुंब'चा शिक्काही आहे. घरात पाच माणसं: त्या, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो धान्य मिळायचं. गेले तीन महिने १५ किलोच मिळतंय. दुकानदार म्हणतो, "मशीनवर तीनच नावं दिसतात, मी काय करू?" उडालेली दोन नावं म्हणजे सासूबाई आणि धाकटा मुलगा, वय ९.

दहा किलो म्हणजे फार काय, असं पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. मग त्यांनीच हिशेब सांगितला. वाण्याकडून दहा किलो आणायचं तर महिन्याला साडेतीनशे-चारशे रुपये जातात आणि तेवढ्यासाठी त्यांना अर्धं घर जास्तीचं धरावं लागतं. (अर्धं घर म्हणजे नुसत्या भांड्यांचं काम.) त्यांनी ते धरलंही आहे. आता संध्याकाळी सातला घरी पोचायच्या त्या साडेआठला पोचतात.

दोनदा शिधावाटप कार्यालयात जाऊन आल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा सर्व्हर नव्हता. तिसऱ्यांदा मी बरोबर जाणार आहे. कुठली कागदपत्रं न्यायची, अर्ज कसा करायचा, हे इथे कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. एजंट सुचवू नका. ते आधीच एकदा झालंय.

तहसीलवारी

पुरवठा विभागात २६ वर्षं काढून निवृत्त झालोय, म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. कार्ड असणं वेगळं आणि धान्य मिळणं वेगळं. केशरी कार्डावरच्या कितीतरी कुटुंबांचा अन्नसुरक्षेत समावेशच नाही. ताईंच्या कार्डावर शिक्का आहे म्हणजे त्या आत आहेत. त्यांचा प्रश्न आत असलेल्यांपैकी दोन नावं गळण्याचा आहे आणि तो सुटतो. पूर्ण कार्डच बाहेर असतं तर गोष्ट लांबली असती.

तुमचं वर्णन वाचून मला दोन वेगळ्या भानगडी दिसतात. मुलाचं बहुधा असं झालं असेल: पाच वर्षांच्या आतलं जे बाल आधार असतं त्यात बोटांचे ठसे घेतलेलेच नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते अपडेट करावं लागतं आणि पंधराला पुन्हा. लोक हे करत नाहीत कारण कुणी सांगत नाही. मग ई-केवायसीला (म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवायची असते ती) मुलगा मशीनपुढे उभा राहिला तरी ठसा जुळणार कशाशी? केंद्राने जुलै २०२५ मध्ये रेशनव्यवस्थेच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली, त्यात पाच वर्षं पूर्ण झाल्यापासून एका वर्षात मुलाची केवायसी करा असं आहे. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा. आधी आधार केंद्रावर जा, मग रेशन दुकानात. उलट क्रमाने गेलात तर फेरी फुकट.

सासूबाईंचं काय झालंय ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कार्डाचा बारा अंकी नंबर घ्या आणि 'मेरा राशन' ॲपवर किंवा आरसीएमएसच्या (रेशनकार्डांची सरकारी ऑनलाइन नोंद) संकेतस्थळावर बघा. नाव दिसतंय पण केवायसी बाकी आहे, की नावच नाही? यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

कार्यालयात तोंडी बोलू नका. साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती, एकीवर पोहोच. शिक्का-सही-तारीख मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोहोच मागितली की साहेब सापडतात, हा माझा खिडकीच्या आतल्या बाजूचा अनुभव आहे.

रोखठोक

ताईंना मदत करताय, चांगलंच आहे. पण चित्राची दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. आमच्या गावात दारात बोलेरो, आत दोन एसी आणि भिंतीवर पिवळं कार्ड, अशी घरं मी नावानिशी दाखवतो. फुकटचा तांदूळ उचलायचा आणि संध्याकाळी छोटा हत्ती घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला विकायचा. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षं फुकट धान्य, खर्च ११.८० लाख कोटी रुपये. हे कुणाच्या खिशातून जातात? नावं तपासली, उडवली तर लगेच गरिबांवर अन्याय?

ओसरी

रोखठोक, बोलेरोवाल्याचं नाव उडालं तर मी पेढे वाटीन. पण या वेळी उडालं ते नऊ वर्षांच्या पोराचं. बोलेरोवाल्याची बोटं मऊ असतात हो, त्याची केवायसी पहिल्या झटक्यात होते.

काटा_सरळ

ओसरीताई, शेवटचं वाक्य लाखाचं बोललात. माझं रास्तभाव दुकान आहे, वडिलांपासून. त्यामुळे शिव्या खायची सवय आहे, बिनधास्त द्या.

बोटांचं सांगतो. मशीन येऊन सात-आठ वर्षं झाली. कुणाचा अंगठा लागत नाही याची यादी मला तोंडपाठ आहे. भांडी घासणाऱ्या बाया. वीटभट्टीवरची माणसं. गवंडी, चुन्या-सिमेंटात हात असलेले. विड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या. म्हणजे ज्यांच्यासाठी दुकान आहे नेमके तेच. मी दुकानात ओलं फडकं आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवलीय. आधी हात पुसायचा, मग तेलाचं बोट, मग पुन्हा पुसायचं, मग अंगठा. नाही लागला तर दुसरं बोट. दहाही बोटं झाली की म्हातारी माझ्याकडं अशी बघते की जणू मीच चोर. आता डोळ्याचं स्कॅनर आलंय, मोबाईलवर चेहरा दाखवून केवायसी करायचं ॲपही आलंय. त्यानं बरंच सोपं झालं. पण ज्या घरात एकच मोबाईल आणि तो पोरगा पुण्याला घेऊन गेलाय, तिथं काय?

अजून एक. जी व्यक्ती खाटेवरून उठू शकत नाही तिच्या वतीनं दुसऱ्यानं अंगठा लावायची सोय आहे, नॉमिनी म्हणतात त्याला. आमच्या तालुक्यात किती जणांना माहीत असेल? एका हाताची बोटं पुरतील.

तांदूळ विकण्याबद्दल. विकणं गुन्हा आहे, मी समर्थन करत नाही. पण ज्वारी-बाजरी खाणाऱ्या भागात पाच माणसांच्या घरी तांदूळ येतो तो खाल्ला जात नाही. बाई तो देऊन तेल घेते. परवा काही जिल्ह्यांत गव्हाऐवजी ज्वारी दिली तेव्हा तो टेम्पोवाला गल्लीत फिरकलाच नाही म्हणे. ज्याला खोटं वाटेल त्यानं विचार करून बघावा.

रोखठोक

दुकानदारच साव झाले म्हणजे झालंच. काटा मारणं बंद झालं का?

काटा_सरळ

दादा, मला क्विंटलमागे १५० रुपये मिळायचे, २०२५ ला १७० झाले. त्यात दुकानाचं भाडं, वीज, हमाली, तोलणाऱ्या पोराचा पगार. गोदामातून ५० किलोची म्हणून येणारी गोणी कधी ४९ भरते, कधी साडेअठ्ठेचाळीस. तूट माझ्या डोक्यावर. यातून काही जण काटा मारतात, हे खरं. नाही म्हणणार नाही. म्हणून सांगतो, मशीनमधून पावती निघते ती मागा. त्यावर किती किलो मंजूर आणि किती दिलं, सगळं छापून येतं. पावती न मागणारा माणूस बघितला की वाईट दुकानदाराचा हात आपोआप हलका होतो.

गोदाकाठ

मी बीडचा. आमच्याकडचं दुखणं वेगळंच हाय, ते पण मांडतो.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. कोयता घेऊन नवरा-बायको ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडं, काही कर्नाटकात. पाच-सहा महिने. मागं उरतात म्हातारे आणि शाळेतली पोरं, तीही निम्मी. आता कागदावर कुठल्याही दुकानातून धान्य उचलता येतं, 'एक देश एक रेशन कार्ड'. पण फडावरून सात-आठ किलोमीटर चालत दुकानावर गेलं की तिथला दुकानदार म्हणतो, माझ्या कार्डांपुरताच कोटा आलाय, तुम्हाला दिलं तर माझी माणसं कुठं जातील. त्याचंही खोटं नसतं. रोजची मजुरी बुडवून दुसऱ्यांदा कोण जाणार?

वर काकांनी ज्या २०२५ च्या दुरुस्तीचं सांगितलं, त्यातलंच आणखी एक कलम आमच्यासाठी जास्त धोक्याचं आहे. सलग सहा महिने धान्य उचललं नाही की कार्ड तात्पुरतं बंद करायचं आणि तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी. आमच्या माणसाचा हंगामच मुळी पाच-सहा महिन्यांचा! आणि पडताळणीला माणूस आला तेव्हा दाराला कुलूप असलं तर? म्हातारी माणसं मागं असली तर कुणीतरी अंगठा लावतं, कार्ड चालू राहतं. पण ज्या घरातली सगळीच जातात त्यांचं अवघड. आमच्या वस्तीवर आता आम्ही बायकांना सांगून ठेवलंय, काही झालं तरी तीन महिन्यांतून एकदा, एका जणाचं तरी, कुठल्याही दुकानात जाऊन उचला. दोन किलो दिलं तरी घ्या. मशीनला तुमचं नाव दिसत राहिलं पाहिजे.

आणि पैशाचं सांगतो, कारण 'धान्य बंद करून खात्यात पैसे टाका' असं म्हणणारं कुणीतरी या धाग्यावर येणारच. आम्ही ते भोगलंय. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, असे चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्हे. २०१५ पासून इथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी ५ किलो मिळायचं, गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. मग ते बंद पडलं आणि २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये खात्यात, पुढं १७० केले. कागदावर हिशेब जमतो, १७० रुपयांत ५ किलो साधारण येतात. पण पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, चार-सहा महिन्यांचे एकदम येतात. भूक काय एकदम लागती का? आणि एकदम आलेले पैसे घरात धान्य म्हणून येत नाहीत. कृषी सेवा केंद्राची उधारी असती, दवाखाना असतो. माझ्या आईचं म्हणणं साधं होतं. ती म्हणायची, गव्हाची गोणी घरात आली की ती माझी, पैसे आले की ते तुझ्या बापाचे.

आकडेमोड

गोदाकाठ, तुमच्या आईंचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

रोखठोक यांनी खर्चाचा आकडा दिलाय, मी दुसरे दोन-तीन देतो. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, महाराष्ट्रात अंमल १ फेब्रुवारी २०१४ पासून. देशात ग्रामीण ७५ टक्के आणि शहरी ५० टक्के लोकसंख्या धरली, राज्यागणिक वेगळी टक्केवारी ठरली. महाराष्ट्राला मिळाले ग्रामीण ७६.३२, शहरी ४५.३४. लोकसंख्या कुठली? २०११ ची. त्यावरून निघालेला आकडा ७ कोटी १६ हजार. हाच तो इष्टांक, म्हणजे राज्यात जास्तीत जास्त इतक्याच माणसांना धान्य. २०११ नंतर जन्मलेलं पोर आज दहावीच्या उंबऱ्याशी आलंय, पण आकडा तिथेच. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ला आहे. अर्थतज्ज्ञ जाँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी २०२० मध्येच अंदाज मांडला होता की निव्वळ जुन्या जनगणनेमुळे देशात सुमारे १० कोटी माणसं बाहेर राहतात.

म्हणजे डब्यात जागा ठरलेली आणि फलाटावर माणसं वाढत चाललेली. नवीन कुणाला घ्यायचं तर आतला कुणीतरी उतरवायचा. नावं कमी करण्याच्या मोहिमा इतक्या जोरात का चालतात, याचं हे एक न बोललं जाणारं कारण. उतरवलेला बोलेरोवाला आहे की ताईंचा मुलगा, हे जागा मोजणाऱ्याला दिसत नाही. त्याला रिकामी सीट दिसते.

आता उत्पन्नाची मर्यादा. प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार, शहरात ५९ हजार. २०१३ च्या शासन निर्णयातली. ५९ हजाराला बाराने भागा. महिना ४,९१७ रुपये. पाच माणसांच्या कुटुंबाचे! शहरात चार घरची धुणीभांडी करणारी एकटी बाईसुद्धा यापेक्षा जास्त कमावते. म्हणजे काटेकोर नियम लावला तर शहरातली जवळपास प्रत्येक मोलकरीण 'अपात्र' आणि प्रत्येक उत्पन्नाचा दाखला खोटा. नियम असा करून ठेवायचा की सगळेच गुन्हेगार ठरतील, मग ज्याला काढायचं त्याला काढता येतं. रोखठोक, तुम्ही अपात्र म्हणता तेव्हा बोलेरोवाला तुमच्या डोळ्यांपुढे असतो. कागदावर मात्र ताईही त्याच्याच रांगेत उभ्या आहेत.

रोखठोक

४,९१७ चा आकडा मला माहीत नव्हता. तो मूर्खपणा आहे, मान्य. मर्यादा वाढवा आणि मग कडक तपासा, एवढंच माझं म्हणणं.

आकडेमोड

मग आपलं भांडण संपलं की. :)

प्रश्नचिन्ह_१

मधेच विचारते. आमच्या कामवाल्या मावशी म्हणतात रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात, पाण्यावर तरंगतात. हे खरं आहे का? त्या वेचून टाकतात.

काटा_सरळ

नका टाकू देऊ! पोषणयुक्त तांदूळ आहे तो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून केलेले दाणे १०० दाण्यांमागे १ असे मिसळलेले असतात. हलके असतात म्हणून तरंगतात. रोज चार बायका मला तो दाणा आणून दाखवतात. एक आजी दाणा काडेपेटीनं पेटवून बघत होती. ज्यानं मिसळायचं ठरवलं त्यानं दुकानात एक पाटी तरी लावायची ना. पोषण उकिरड्यावर गेलं आणि अफवा घरोघर.

मिलो_बहात्तर

धागा सकाळपासून वाचतोय. माझं वय ६८, टायपिंग सावकाश.

नाव पाहून तरुणांना प्रश्न पडला असेल. ७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून लाल ज्वारी यायची, ती मिलो. भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची ती मात्र आम्हा पोरांना आवडे. आमची आई आजही रेशन दुकान म्हणत नाही, 'कंट्रोल' म्हणते. मुंबईत १९४३ मध्ये युद्धाच्या काळात रेशनिंग सुरू झालं, तेव्हापासूनचा तो शब्द.

मला सांगायचंय ते त्या रांगेबद्दल. आमच्या कंट्रोलच्या रांगेत माझ्यापुढे पोस्टमास्तरांची बायको असे आणि मागे हायस्कूलचे गणिताचे सर. दिवाळीला रवा, मैदा, पामतेल आणि जास्तीची साखर यायची तेव्हा तर डॉक्टरांचा गडीही पिशवी घेऊन उभा. साखरेत ओल सापडली की सर तिथेच दुकानदाराला झापायचे आणि दुसऱ्या दिवशी तहसीलदाराला पत्र. अर्ज लिहिता येणारी माणसं रांगेत होती. मग १ मे १९९९ ला तीन रंगांची कार्डं आली. पिवळं, केशरी, पांढरं. एक लाखाच्या वर उत्पन्न असणाऱ्यांना पांढरं. मलाही पांढरं मिळालं. मला त्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. रांगेतून सुटलो. आता ते कार्ड कपाटात आहे.

आज त्या रांगेत अर्ज लिहिणारं कुणी नाही. ओसरी, तुम्ही बरोबर जाताय ते म्हणून मला बरं वाटलं.

तहसीलवारी

काका, तुम्ही लिहिलंत ते आम्ही आतून पाहिलं. ९९ च्या आधी आमच्याकडे तक्रारींची फाईल जाड असायची. नंतर ती पातळ झाली आणि वरिष्ठांना वाटलं सुधारणा झाली!

एक राहून गेलं होतं. कायद्याच्या ८ व्या कलमात अन्नसुरक्षा भत्ता आहे. हक्काचं धान्य मिळालं नाही तर सरकारने त्या महिन्याचे पैसे द्यायचे. २०१५ च्या नियमांप्रमाणे हमीभावाच्या सव्वापट रकमेतून रेशनचा दर वजा करायचा. गव्हाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४२५ धरला तर किलोला ३० रुपयांच्या आसपास बसतं. माझ्या उभ्या नोकरीत या कलमाखाली एकही अर्ज माझ्या टेबलावर आला नाही. मिळेल याची खात्री देत नाही, पण अर्जात एक ओळ घाला. त्या ओळीने बाकीचा अर्ज लवकर हलतो. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यावर राज्य अन्न आयोग. फोनवर तक्रार नोंदवायची तर १९६७. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. इकडे रविवारी एका फूड पँट्रीत (गरजूंना फुकट खाण्याचं सामान देतात तिथे) डबे भरायला जातो, म्हणून राहवलं नाही. इथे धान्य देत नाहीत, कार्डावर महिन्याला रक्कम येते, दुकानात जाऊन आपल्याला हवं ते खायचं सामान घ्यायचं. स्नॅप म्हणतात, २०२५ मध्ये सुमारे ४.२ कोटी लोक त्यावर होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारचं कामकाज ठप्प होतं तेव्हा त्या महिन्याचे पैसेच अडकले, कोर्टकज्जे झाले. आमच्या पँट्रीची रांग पार्किंगच्या बाहेर गेली होती. रांगेत युनिफॉर्म घातलेली नर्सिंग होममधली मदतनीस होती, पगारी नोकरी करणारी. त्याच वर्षी जुलैत कायदा बदलून कामाची अट ६४ वर्षांपर्यंत वाढवली. काम करत असलेली माणसंही दर महिन्याचे तास सिद्ध करता करता गळतात. तुमचा अंगठा आणि इथला तासांचा फॉर्म, मला एकाच घरातले वाटले.

ओसरी

जाऊन आलो. दोन फेऱ्या, साडेतीन आठवडे. सविस्तर लिहिते, कारण यात माझीही फजिती आहे.

मुलाचं तहसीलवारी काकांनी सांगितलं तसंच निघालं, तंतोतंत. आधार दोन वर्षांचा असताना काढलेलं, फोटोत तो दुपट्यात. शनिवारी आधार केंद्रावर ठसे दिले, मग थोडे दिवस थांबलो आणि दुकानात केवायसी झाली. चौथं नाव मशीनवर आलं. पोरगा अंगठा लावून इतका खूश की अजून एकदा लावू का विचारत होता.

सासूबाईंचं मात्र मी रागारागाने मोठा अर्ज लिहून नेला होता. पोहोच, ८ वं कलम, सगळं. कारकूनबाईंनी अर्ज शांतपणे वाचला, संगणकात बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला. सासूबाईंचं नाव दोन कार्डांवर होतं. एक इथे, एक लातूर जिल्ह्यातल्या गावी. २०२१ ला सासरे गेल्यावर त्या इकडे आल्या. तेव्हा एजंटाने ८०० रुपये घेऊन इथे नाव चढवलं, पण गावचं कमी केलंच नव्हतं. म्हणजे दुबार नाव. संगणकाने उडवलं ते चुकीचं नव्हतं. (रोखठोक, हसून घ्या.)

मग गावच्या कार्डावर त्यांचं धान्य कोण उचलतंय? थोरला दीर. ताईंना हे कळलं ते त्या खिडकीसमोर. तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या, माझ्याशी घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. आपण 'फक्त कागदाचं काम' म्हणून कुणाच्या घरात किती आत शिरतो, याचा मी आधी विचार केला नव्हता.

आता गावच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागणार. तो दीर आणणार की नाही, हा रेशनचा प्रश्न उरलेला नाही. कारकूनबाई भल्या होत्या. म्हणाल्या, सासूबाई स्वतः अर्ज देऊन त्यांचं नाव तिकडून कमी करून मागू शकतात, दिराची सही लागत नाही. पण सासूबाईच नाही म्हणताहेत. "थोरल्याच्या घरचे पाच किलो मी कशाला तोडू?" असं म्हणाल्या.

रोखठोक

हसत नाहीये. त्या आजींचं काय चुकलं तेच कळत नाही.

गोदाकाठ

काही चुकलं नाही. दोन्ही घरं तिचीच.

काटा_सरळ

ओसरीताई, ताईंना सांगा, महिन्याच्या १५ च्या आत दुकानात जा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हरवर गर्दी असते. आणि पावती घ्यायला सांगा. चार माणसांचे २० किलो, मोजून.